चंद्र पडद्यावर येईपर्यंत

21 जुलै 1969, सोमवार. सकाळचे 8 वाजून 26 मिनिटं. पेण-रोह्याच्या पट्ट्यात निज आषाढाचा पहिला आठवडा चाललेला. भाताच्या लावणीचे दिवस. अधिक मासामुळे त्या वर्षी गणपती 15 सप्टेंबरला होते. त्यामुळे पेणच्या मूर्तिकारांच्या हाताशी अजून आठ आठवडे होते. नेमक्या त्या मिनिटाला नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्राच्या मातीवर पाय ठेवला.

पेणच्या वाटेवर कुणी मान वर करून पाहिलं असतं, तरी चंद्र दिसला नसता. तिथी होती शुद्ध सप्तमीच्या आसपासची. असा चंद्र दुपारच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीच्या आत मावळतो. अपोलो 11 मोहिमेचं ‘ईगल’ यान चंद्रावर टेकलं ते आपल्याकडच्या रात्री 1 वाजून 47 मिनिटांनी. तेव्हा कोकणातला चंद्र मावळून गेला होता, आणि पाऊल पडलं तेव्हा तो अजून उगवायचा होता. त्या दिवशीची वर्तमानपत्रंही पाऊल पडण्याआधीच छापून झाली होती. म्हणजे त्या सकाळी या भागात चंद्र पोहोचला तो रेडिओच्या आवाजातून.

जगात सुमारे 60 कोटी माणसांनी ती घटना टीव्हीवर पाहिली, असं सांगतात. त्यांत कोकण नव्हतं. भारतात दूरदर्शन तेव्हा फक्त दिल्लीत होतं, तेही मोजक्या संचांपुरतं. उपग्रहावरून परदेशी चित्र उतरवून घेणारं जुन्नरजवळचं आर्वीचं केंद्र सुरू झालं ते सत्तरच्या दशकाच्या आरंभी. पेण आणि रोहा हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे तालुके. जिल्ह्याचं ‘रायगड’ हे नाव 1981 चं. रोह्याला रेल्वे यायला आणखी दीड दशकाहून अधिक काळ लागणार होता. मुंबईहून यायचं तर रस्त्याने नाहीतर खाडीने. मोठ्या जगातलं हलतं चित्र इथे यायचं ते एकाच मार्गाने, सिनेमाच्या पडद्यावरून.

तो मार्ग आपल्या मातीत जुना होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी 1899 मध्ये मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला. 1901 च्या अखेरीस त्यांनी केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताची फिल्म घेतली. भारतातल्या पहिल्या वृत्तपटांत तिची गणना होते, आणि तिचा नायक आहे दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा गणिती. पुढे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली, आणि ती पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. बातमी आणि विज्ञान या दोन्हींसाठी कॅमेरा वापरायचा, हे मराठी माणसाने फार लवकर ओळखलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईच्या पेडर रोडवरून हाती घेतलं. सिनेमागृहाच्या परवान्यातच अट होती की मुख्य चित्रपटाआधी मंजूर माहितीपट किंवा वृत्तपट दाखवायचा. दर आठवड्याला नव्या प्रती निघत, मराठीसह अनेक भाषांत निवेदन होई, आणि त्या प्रती तालुक्याच्या गावापर्यंत जात. एक संपूर्ण पिढी देशातली धरणं, पूर, पाहुणे आणि क्रिकेटचे सामने या दहा-वीस मिनिटांत पाहत आली. चंद्रावरची माणसं पुढे ज्या प्रकारच्या चित्रपटांतून अमर झाली, तो प्रकार प्रेक्षकाला अनोळखी नव्हता. हिंदी पडद्यावर तर 1967 मध्येच दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ येऊन गेला होता. फरक इतकाच होता की आता दृश्य खरं होतं.

1969 च्याच 26 ऑक्टोबरला खुद्द त्या चांद्रमोहिमेवरची तिन्ही माणसं मुंबईत आली. आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स आपल्या पत्नींसह जगाच्या सदिच्छा दौऱ्यावर निघाले होते. तेहरान करून ते मुंबईला उतरले आणि पुढे ढाक्याला गेले. मुंबईने त्यांना पाहायला तोबा गर्दी केली. तीन महिन्यांपूर्वी चंद्राभोवती फिरलेली माणसं पेणपासून काही तासांच्या अंतरावर होती.

*

चंद्रावरच्या माहितीपटांची कथा मात्र सुरू होते यानाच्या एका खिडकीत. ऑल्ड्रिन यांच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या खिडकीत 16 मिलीमीटरचा एक लहान मॉरर कॅमेरा बसवलेला होता. फिल्म पुरवून वापरायची म्हणून तो नेहमीच्या सिनेमापेक्षा कमी वेगाने चाले. त्याला आवाज टिपता येत नव्हता. यान खाली येत गेलं तसतसे त्याने खालचे खड्डे, सरकणारी सावली आणि शेवटी इंजिनाच्या झोताने पसरणारी धूळ एवढंच टिपलं. संगणक इशाऱ्यावर इशारे देत होता आणि इंधनाचे सेकंद मोजले जात होते. यातलं काहीच त्या फिल्ममध्ये नाही. ते सगळं वेगळ्या ध्वनिफितींवर, वेगळ्या खोल्यांत साठत होतं. चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही फारकत मिटवायला पुढे अर्धं शतक लागलं.

दुसरा कॅमेरा वेस्टिंगहाउस कंपनीचा, थेट प्रक्षेपणासाठी. यानातून पाठवता येणारी लहरींची पट्टी अरुंद होती, म्हणून तो सेकंदाला फक्त 10 चित्रं आणि चित्रामागे 320 रेषा पाठवत असे. घरच्या टीव्हीवर हे चित्र सरळ चालणारं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक, पार्क्स इथल्या केंद्रांतून आलेलं चित्र रूपांतरित करून जगाला दाखवलं गेलं. त्या रूपांतरात बरंच काही हरवलं. जगाने जी धूसर, भुतासारखी आकृती पाहिली ती मूळ चित्राची उतरलेली प्रत होती. हॅसलब्लाड कॅमेऱ्याने स्थिरचित्रं घेण्याचं काम बहुतेक आर्मस्ट्राँग यांच्याकडे होतं. त्यामुळे चंद्रावर पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाची चांगली छायाचित्रं फारच थोडी आहेत.

पुढच्या मोहिमांत कॅमेऱ्याचं नशीब फिरत राहिलं. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 चे ॲलन बीन कॅमेरा हलवत असताना भिंग सूर्याकडे वळलं, आतली नळी जळाली, आणि ती मोहीम प्रेक्षकाला फक्त ऐकावी लागली. अपोलो 15 पासून मात्र चंद्रावरच्या गाडीवर रंगीत कॅमेरा बसला आणि तो ह्यूस्टनमधून चालवला जाऊ लागला. चालवणाऱ्याचं नाव एड फेंडेल.

फेंडेल यांची अडचण अशी की संदेश चंद्रावर जायला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागे, आणि चित्र परत यायला तेवढाच. पडद्यावर यान उडालेलं दिसल्यावर बटण दाबलं, तर कॅमेरा वर वळेपर्यंत यान चौकटीबाहेर गेलेलं असणार. अपोलो 15 ला कॅमेरा वर उचलणारी यंत्रणाच रुसली. अपोलो 16 ला गाडी ठरलेल्या अंतरावर उभी नव्हती आणि हिशेब चुकला. मग अपोलो 17 ला त्यांनी पडद्याकडे न पाहता उलट्या मोजणीप्रमाणे आधीच आज्ञा धाडल्या. भारतीय वेळेनुसार 15 डिसेंबर 1972 च्या पहाटे 4 वाजून 25 मिनिटांनी यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावरून निघाले. ठिणग्यांचा फवारा उडाला आणि कॅमेरा यानाबरोबर वर वर जात राहिला. चंद्रावर तेव्हा माणूस उरला नव्हता; तरीही त्या शेवटच्या निरोपाचं चित्रण झालं. आजही जवळजवळ प्रत्येक माहितीपट तो तुकडा वापरतो.

त्या पहाटे मुंबई दूरदर्शन अडीच महिन्यांचं होतं. 2 ऑक्टोबर 1972 ला ते सुरू झालं. वरळीच्या या केंद्रापासून पेण सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास, रोहा 70 च्या. पण ज्या महिन्यात टीव्हीचं केंद्र मुंबईत रुजत होतं, त्याच महिन्यात माणसाच्या चांद्रयात्रा संपल्या. सहा वेळा उतरून बारा माणसं परत आली, आणि कोकणातल्या प्रेक्षकाला त्यांतलं एकही पाऊल पडत असताना पाहता आलं नाही.

*

अपोलो 11 वर भव्य चित्रपट काढायचा, हे नासाच्या मनात उड्डाणाआधीच होतं. एमजीएम कंपनीशी बोलणं झालं, 65 मिलीमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रण ठरलं, आणि उड्डाण तोंडावर आलं असताना कंपनीने अंग काढून घेतलं. काम थिओ कामेके या तरुण दिग्दर्शकाच्या गळ्यात पडलं. त्यांनी फक्त रॉकेट टिपलं नाही. उड्डाण पाहायला समुद्रकिनारी आणि रस्त्यांवर जमलेल्या लाखो माणसांकडेही त्यांनी कॅमेरे वळवले. ‘मूनवॉक वन’ तयार झाला तोवर अमेरिकेतलं कुतूहल ओसरलं होतं. व्हिएतनाममधलं युद्ध चालू होतं, चंद्र जुना झाला होता. वितरकांनी पाठ फिरवली आणि चित्रपट लोकांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. चाळीस वर्षांनी, कामेके यांनी जपून ठेवलेल्या प्रतीवरून, तो दुरुस्त होऊन पुन्हा बाहेर आला.

या कथेतलं सर्वांत मोठं नुकसान कुणाच्या वाईट हेतूने झालेलं नाही. वेस्टिंगहाउसच्या कॅमेऱ्याचं मूळ, रूपांतर न झालेलं चित्र केंद्रांवरच्या चुंबकीय फितींवर नोंदलं गेलं होतं. पुढच्या काळात नासाला फिती कमी पडू लागल्या, तेव्हा जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं मूळ चित्रही बहुधा त्यांतच गेलं. अनेक वर्षं शोध घेऊन 2009 मध्ये नासाने ते मान्य केलं आणि टीव्ही केंद्रांकडे उरलेल्या प्रतींवरून जमेल तेवढं चित्र उजळून घेतलं.

फिल्म मात्र वाचली. आणि ती वाचली म्हणून अल राइनर्ट यांच्यासारखी माणसं तिच्यापर्यंत पोहोचू शकली. टेक्सासचा हा पत्रकार सत्तरच्या दशकात अंतराळवीरांवर लिहीत होता. त्याला कळलं की ह्यूस्टनला लक्षावधी फूट फिल्म थंड कोठारात पडून आहे आणि जगाने तिच्यातले तेच ते चार तुकडे पाहिले आहेत. त्याने वर्षानुवर्षं ती पाहिली, 16 मिलीमीटरची चित्रं मोठ्या पडद्याच्या 35 मिलीमीटरवर आणली, अंतराळवीरांच्या कित्येक तासांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. 1989 च्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’मध्ये त्याने सगळ्या अपोलो मोहिमा गुंफून एकच प्रवास केला. पडद्यावर कुणाचं नाव येत नाही, कोणती मोहीम ते सांगितलं जात नाही. ब्रायन ईनोचं संगीत आणि जाऊन आलेल्यांचे आवाज. अभ्यासकांनी या सरमिसळीवर आक्षेप घेतला आणि त्यात तथ्य आहे. पण चंद्रावर गेलेला माणूस घाबरतो, गाणी ऐकतो, उड्या मारताना धडपडतो, हे त्या चित्रपटाने पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर दाखवलं.

2007 मध्ये डेव्हिड सिंग्टन यांच्या ‘इन द शॅडो ऑफ द मून’ने उलट वाट धरली. इथे म्हातारे झालेले अंतराळवीर कॅमेऱ्यासमोर बसतात आणि बोलतात. आर्मस्ट्राँग त्यांत नाहीत. कॉलिन्स आहेत, आणि चंद्रावर न उतरता वर एकटे फिरत राहिलेल्या या माणसाचं बोलणंच चित्रपट तोलून धरतं. साक्षीदार हयात असताना त्यांना बोलतं केलं, याचं मोल आता कळतं. कॉलिन्स 2021 मध्ये गेले.

मग आला टॉड डग्लस मिलर यांचा ‘अपोलो 11’. पन्नासाव्या वर्षाच्या तयारीत मिलर यांच्या चमूने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अपोलोची होती नव्हती ती सगळी फिल्म मागितली, आणि तिथल्या कोठारात 65 मिलीमीटरची रिळं सापडली. एमजीएमने सोडून दिलेल्या त्या मोठ्या बेताचाच हा उरलेला ठेवा. दशकानुदशकं ती डब्यांत बंद होती. न्यूयॉर्कमध्ये खास यंत्र बसवून ती एकेक चौकट करून संगणकात उतरवली गेली. दुसऱ्या बाजूला नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या सुमारे 11 हजार तासांच्या ध्वनिफिती होत्या. आता प्रश्न तोच जुना: मुक्या चित्राला त्याचा आवाज कसा मिळवून द्यायचा? स्टीव्हन स्लेटर या ब्रिटिश अभ्यासकाने नियंत्रण कक्षातल्या मूक चित्रांतली भिंतीवरची घड्याळं आणि बोलणाऱ्यांचे हलणारे ओठ तपासत ते जुळवलं. हे काम त्याने वर्षानुवर्षं, आपल्या आवडीने केलं होतं.

2019 मध्ये आलेला हा 93 मिनिटांचा चित्रपट निवेदकाशिवाय चालतो. आजची मुलाखत नाही, समजावणारा तज्ज्ञ नाही. संगीतकार मॅट मॉर्टन यांनी वाद्यंसुद्धा 1969 मध्ये उपलब्ध असलेलीच वापरली. यान उतरतानाचा भाग मिलर यांनी न तोडता ठेवला आहे. ऑल्ड्रिन यांच्या खिडकीतलं तेच मॉररचं चित्र, त्याच्यावर आता ह्यूस्टनचे आणि यानातले आवाज, आणि पडद्यावर सरकणारे आकडे. शेवट ठाऊक असूनही पाहणारा श्वास रोखून बसतो.

*

या सगळ्याला मुंबईचा आणखी एक धागा आहे. चंद्रावरून आणलेल्या दगडमातीचे नमुने अपोलोच्या काळातच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या खनिजकणांवर रसायनांची प्रक्रिया केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली वैश्विक किरणांनी कोरलेले माग वाचले. त्या चमूतले व्ही. एस. वेंकटवरदन पुढे 1977 मध्ये सुरू झालेल्या वरळीच्या नेहरू तारांगणाचे पहिले संचालक झाले. ज्याने चंद्राचे कण हाताळले त्या माणसाच्या देखरेखीखाली मुंबईच्या घुमटात चंद्र उगवत होता.

जतनाच्या बाबतीत मात्र आपली बाजू लंगडी आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये उभं राहिलं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून रिळं जमवली. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण उपलब्ध नाही. आहे तो काही भाग अशा धडपडीमुळेच आहे. 2003 च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची अमोल रिळं गेली. नासाने फिती पुसल्या, आपण फिल्म जळू दिल्या. दोन्हीकडे गेलेली वस्तू परत करता येत नाही. अपोलोचे माहितीपट उभे राहिले ते राइनर्ट, कामेके, स्लेटर यांनी एखादी प्रत जपली, एखादा डबा उघडला, एखादं मुकं रीळ सोडून दिलं नाही, म्हणून.

23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रयान 3 उतरलं, तेव्हा यूट्यूबवर एका वेळी 80 लाखांहून अधिक लोक ते पाहत होते. 1969 मध्ये आकाशवाणीवर विसंबलेला रायगड जिल्हाही त्या दिवशी दिल्ली-बंगळूरच्या बरोबरीने प्रेक्षक होता. 2040 पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचं उद्दिष्ट सरकारने जाहीर केलं आहे. त्या प्रवासाचं चित्रण होईलच. ते पाहणाऱ्या मुलांना आधीच्या बारा जणांचा प्रवास ठाऊक असायला हवा, आणि तो पुस्तकातल्या चौकटीपेक्षा पडद्यावर कितीतरी चांगला कळतो.

23 ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. पेण आणि रोह्यातल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी त्या दिवशी एक प्रोजेक्टर, एक पांढरी भिंत आणि दीड तास काढावा, आणि ‘अपोलो 11’ रीतसर परवानगी घेऊन दाखवावा. तो सुरू होण्याआधी गावातल्या ज्येष्ठांना समोर बसवून 1969 च्या त्या सकाळी त्यांनी रेडिओवर काय ऐकलं हे विचारावं, आणि ते बोलत असताना कुणीतरी मोबाइलवर त्याचं चित्रण करून नाव-तारीख लिहून जपून ठेवावं. तेव्हा वीस वर्षांचे असलेले लोक आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.